तांबड्या खुंट्यांच्या वर

तेलोक ब्लांगा, सिंगापूर
१२ फेब्रुवारी २००६

चि. रुचिर,

आशीर्वाद रोजच देते, ते इथे वेगळे लिहीत नाही.

परवा तुझा फोन आला, पण त्या सॅटेलाइट फोनवर मला काही बोलता येत नाही. बोललेलं पोचायला वेळ लागतो, तोवर दोघंही "हॅलो, हॅलो" करत बसतो, आणि शेवटी "जेवलास का" एवढंच विचारून मी फोन गार्गीकडे देते. म्हणून पत्र. हार्बरफ्रंटच्या तुमच्या ऑफिसातून दर आठवड्याला कॅम्पवर थैली जाते असं ती म्हणाली. चांगीला ऑफिसला जाताना वाट वाकडी करून ती हे देऊन येईल.

इथे सगळं ठीक. क्षिप्राने शाळेत सांगितलं, माझे बाबा वाळवंटात समुद्र सोडायला गेलेत. टीचर म्हणाल्या, "रियली?" तर ही इथल्या पोरांसारखं 'लाह' लावून म्हणते, "रियली लाह, आस्क माय आजी."

आजीला विचारलं तर आजी काय सांगणार? तुला लहानपणी तोंडी सांगितलंय, कागदावर कधी लिहिलं नाही. आता तू त्याच जागी उभा आहेस म्हणून लिहिते.

कतारा हे नाव मी शहात्तर साली ऐकलं. पुण्याच्या सर्व्हे ऑफिसातून चौघांना पाठवलं, त्यात तुझे बाबा. जाताना म्हणाले, "शुभा, इजिप्तमध्ये समुद्रापेक्षा खोल असा एक वाळवंटी खळगा आहे. कालवा खणून त्यात समुद्र सोडायचा आहे. पाणी कुठवर चढेल त्या रेघेवर आम्ही खुंट्या मारून यायचं." मला वाटलं थट्टा करताहेत. मी फलटणची, माझ्या डोक्यात कालवा म्हणजे उसाला पाणी. खारं पाणी वाळूत ओतून काय पिकणार, असं विचारलं. म्हणाले, "वीज पिकते. पाणी वरून पडतं, उन्हानं आटतं, मागून आणखी पडतं. तो खळगा कधी भरतच नाही बघ."

तू तेव्हा पाळण्यातून उतरायला लागला होतास. पुढच्या उन्हाळ्यात तार आली. ऊन लागून वारले, तिथेच दफन केलं. 'दफन' हा शब्द रवींद्रभावजींनी मला बरेच दिवस सांगितला नव्हता.

मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. पानांना जळायला कितीसा वेळ लागतो! त्या पानांवर विश्वास ठेवून मी हातातल्या बांगड्या उतरवल्या. भटजी म्हणाले, अस्थी पाण्यात जायला हव्या होत्या. तेव्हा भावजी म्हणाले, "वहिनी, त्याची काळजी करू नका. त्या खळग्यात समुद्र येणार आहे. आपण दादाला पाण्याकडे न्यायला नको, पाणीच त्याच्याकडे येईल."

ते मला धीर द्यायला म्हणाले, आणि मी ते धरून बसले. सातवी शिकलेली बाई मी, वाचनालयातली वर्तमानपत्रं इजिप्त शब्द शोधत वाचायला शिकले. मग इतरही वाचायला लागले, इथे येऊन डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजीही. ती योजना बासनात गेली, बाहेर आली, परत गेली. तू पाण्याचा इंजिनिअर झालास तेव्हा लोक म्हणाले, हुशार मुलगा. का झालास ते मला माहीत आहे.

दोनच गोष्टी सांगते. तिथे जुन्या लढाईतले सुरुंग आहेत, आखून दिलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नकोस. आणि ह्यांची जागा सापडली तर कळव. पाणी खरंच येणार का, तेही. समुद्राला म्हणावं, मी साठीला आले, आता चल.

तुझी
आई


कतारा, पश्चिमेकडचा कॅम्प
३ मार्च २००६

ती. आईस,

पत्र मिळालं. मेतकूटही. तंबूतल्या केरळच्या ड्रिलरने ते चहात घालायची पूड समजून घातलं आणि प्यायलाही. वर म्हणतो, "नॉट बॅड."

तू काळजी करू नकोस. सुरुंग सगळे उत्तरेला, समुद्राच्या बाजूला आहेत. आमच्या वाटांवर दोन्हीकडे पांढऱ्या फिती बांधल्या आहेत. इथे भीती वेगळीच. वर मिठाची साय आणि खाली चिखल, त्याला सबखा म्हणतात. वरून कोरडं दिसतं, जीप गेली की रुतते.

तुला आवडेल अशी गोष्ट सांगतो. बाबांच्या खुंट्या अजून आहेत. सिमेंटचे ठोकळे, त्यात लोखंडी खुंटी, वर तांबडा रंग दिलेला असणार, आता फक्त भेगांमध्ये उरलाय. समुद्रसपाटीखाली साठ मीटरवर ही रेघ काठाकाठानं जाते. मी आमच्या यंत्रावर तपासली. तीस वर्षांपूर्वी दुर्बिणीतून बघून मारलेली रेघ बोटाच्या पेरापेक्षा जास्त चुकलेली नाही.

जागा मात्र सापडली नाही. तारेत लिहिली होती तिथे नुसतं मीठ आहे. इथे कोणीच नाही गं आई. घर नाही, माणूस नाही, विचारायचं कोणाला?

पाणी येईल असं वाटतंय. साठ-सत्तर किलोमीटरचा कालवा, काही भाग बोगद्यातून. या वेळी योजनेमागे मोठी माणसं आहेत. आमचा अहवाल सप्टेंबरात जाईल. माझ्याकडे खळग्याचा हा भाग आहे, जमीन आणि वस्ती. तू इतकी वर्षं वाट पाहिलीस, आणखी थोडी.

थैलीतून खजूर पाठवतोय. क्षिप्राला सांग, बी गिळू नकोस.

रुचिर


तेलोक ब्लांगा
२१ मार्च २००६

चि. रुचिर,

खजूर फार गोड. क्षिप्राने एक खाल्ला आणि म्हणाली, "टू स्वीट, आजी, लाइक कफ सिरप." उरलेले मी आणि शेजारच्या कोह आंटीने संपवले.

ह्यांची रेघ चुकली नाही हे वाचून बरं वाटलं. मी ते पान देवापाशी ठेवलंय.

कोह आंटी सध्या गडबडीत आहे. त्यांच्या पितरांचा सण एप्रिलच्या सुरुवातीला येतो. तिच्या वडिलांचं थडगं रस्त्याच्या कामात गेलं, तेव्हा सरकारने नोटीस लावून सगळ्यांना आपापली माणसं काढून न्यायला सांगितलं होतं. ती स्वतः उभी राहिली. हाडांवर ऊन पडू द्यायचं नसतं म्हणे, म्हणून काळी छत्री धरून. मी म्हटलं, भीती नाही वाटली? म्हणाली, "माय फादर, व्हॉट टु स्केअर?" मग मला विचारलं, युअर हजबंड व्हेअर? मी सांगितलं, परदेशात, वाळवंटात. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी दुधाचं पातेलं गॅसवर विसरून आले.

गेल्या महिन्यात मंडळाचं हळदीकुंकू झालं. गार्गी म्हणाली, आई चला, आता कोणी तसलं मानत नाही. मानत नसतील. पण मी क्षिप्राजवळ घरी बसले. मी पानांच्या पुतळ्याची विधवा, मला अजून माझंच नक्की कळलेलं नाही.

आता एक विचारते. खजूर ज्या टोपलीतून आले ती मी उन्हात ठेवणार होते. हात लावला तर पाती अजून हिरवी, वाकवली तर मोडत नाहीत. तळाला एक टाका चुकलाय, उसवून परत घातलाय. विणायला शिकणाऱ्या पोरीचा हात दिसतो.

कोणीच नाही म्हणतोस, मग टोपली कोणी विणली?

आई


कॅम्प
६ एप्रिल २००६

ती. आईस,

टोपली आमच्या ड्रायव्हरने, अशरफने आणली. तो अलेक्झांड्रियाचा. वाटेत बाजार लागतात. तू पण ना, सी.आय.डी.त जायला हवं होतंस.

इथे काम जोरात आहे. सिंगापूरहून साहेब येऊन गेले. माझं काम आवडलं. अहवालातला माझा भाग जवळजवळ झालाय, एक वाक्य राहिलंय. ते झालं की पुढच्या टप्प्यातही मला ठेवतील, माझ्या नोकरीवरचा आपल्या सगळ्यांचा सिंगापुरात राहायचा पास वाढेल, क्षिप्राची शाळा बदलायला नको.

कालव्याचं काम मंजूर झालं तर पाणी सोडायच्या दिवशी मी तुला इथे आणणार आहे. वरच्या कड्यावर खुर्ची टाकून बस. काकांनी शब्द दिला होता, मी पुरा करीन.

उन्हाळा सुरू झालाय. दुपारी काम बंद ठेवतो.

रुचिर


तेलोक ब्लांगा
२३ एप्रिल २००६

रुचिर,

रविवारी गार्गीने आम्हाला मरीनाकडे नेलं होतं. तिथे खाडीच्या तोंडावर धरण बांधतायत. क्रेन आणि पत्रे, जवळ जाता येत नाही. गार्गीने समजावलं, समुद्र बाहेर ठेवायचा, आत नद्यांचं गोडं पाणी साठवायचं, म्हणजे शहराला प्यायला. क्षिप्रा म्हणाली, "डॅडी ब्रिंग सी इनसाइड, हिअर दे पुट सी आउटसाइड. हू इज राइट?" गार्गी हसली.

खारं पाणी आत आलं की गोडं पाणी जातं, एवढं कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. तिथे गोडं पाणी कुठे आहे का? असेल तर त्याच्याजवळ माणूस असणार.

तुझ्या पत्रात माझ्या प्रश्नाचं उत्तर विनोदात आलं. तू लहानपणी शाळा बुडवलीस की असाच विनोद करायचास. बाजारातली टोपली चुकलेल्या टाक्याची नसते.

मला खुर्ची नको. खरं लिही.

आई


कॅम्प
१५ मे २००६

ती. आई,

तीन वेळा सुरुवात करून फाडलं. शांतपणे बसून वाच, गार्गी घरी असताना वाच.

टोपली मब्रूकच्या नातीनं विणली. मब्रूक सत्तरीचा आहे. कॅम्पपासून जीपने तासभर पश्चिमेला एक झरा आहे, त्याच्याभोवती खजुराची बाग आणि मातीची तीसेक घरं. मी इथे आलो त्याच आठवड्यात अशरफबरोबर तिथे गेलो होतो. भाषा तोच सांगतो. हा इंडियाचा, असं त्याने म्हटल्यावर म्हातारा उठून माझ्यासमोर आला. माझा चेहरा निरखला आणि म्हणाला, "विचार त्याला, उल्हास त्याचा कोण?"

आई, बाबा एकटे नव्हते. आपण समजत होतो तसं काही झालं नाही. त्यांची जीप सबख्यात रुतली, ते भर उन्हात चालत त्या वस्तीवर पोचले. आधीचा सबंध हिवाळा त्यांचं तिथे जाणं-येणं होतं, सगळे ओळखत होते. मब्रूकच्या घरात त्यांना निजवलं. त्याची बायको जमीला कपडा भिजवून त्यांच्या ओठांवर पिळत होती. शेवटचं पाणी तिच्या हातचं. ती अजून आहे. दिसत नाही तिला आता. माझा चेहरा हातांनी चाचपला आणि अशरफला काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, "ती म्हणते, नाक तेच."

त्यांनी बाबांना आंघोळ घातली, पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि आपल्या माणसांत पुरलं, बागेच्या खालच्या अंगाला.

पण ते आता तिथे नाहीत. बाबा खुंट्या मारत होते तेव्हा मब्रूकने विचारलं होतं, हे काय? बाबांनी हाताने दाखवलं, पाणी इथवर येणार. ह्या लोकांनी ते खरं धरलं. बाबा गेल्याच्या पुढच्या हिवाळ्यात सगळ्यांनी मिळून आपले मेलेले उचलले आणि तांबड्या खुंट्यांच्या वर, एका टेकाडावर नेले. सगळ्यात आधी बाबांना, कारण ते पाहुणे. मी विचारलं, घरं का नाही हलवलीत? मब्रूक म्हणाला, "जिवंत माणूस पाणी आलं की आपल्या पायांनी वर येईल. मेलेल्याला कोण सांगणार?"

म्हणजे काकांनी सांगितलं तसं पाणी आलं असतं, तरी बाबांपर्यंत पोचलंच नसतं. त्या योजनेवर सबंध जगात दोघांनीच पुरता भरवसा ठेवला. एक तू, आणि एक ही माणसं. तू वाट पाहिलीस आणि त्यांनी टेकडी चढून ठेवली.

आता पुढचं. नव्या आराखड्यात रेघ दहा मीटर वर सरकली आहे. तळं जितकं मोठं तितकं पाणी जास्त आटेल आणि तितकी वीज जास्त. नव्या रेघेत ते टेकाड बुडतं. झरा, बाग, घरं तर आधीच बुडत होती. तू मागत होतीस ते होईल. समुद्र बाबांकडे येईल.

आणि माझं राहिलेलं वाक्य असं आहे: "हा भाग निर्मनुष्य आहे." साहेब म्हणाले, "भटकी माणसं आहेत, येतात जातात, त्याला वस्ती म्हणत नाहीत." जुन्या सगळ्या नकाशांत तसंच आहे. मी ते लिहिणार होतो. तुला कोणीच नाही असं सांगितलं ते त्याच्यासाठीच. तुला कळलं नाही तर तू नुसती आनंदात राहशील, असं वाटलं. तुझ्यासाठी करत होतो आई.

नव्या खुंट्या बघून मब्रूकने विचारलंय, परत उचलायचे का? आमचे आम्ही उचलू, पाहुण्याचं त्याच्या घरच्यांनी सांगावं. आणखी वर न्यायचं, घरी न्यायचं, की आहेत तिथे ठेवायचं? मी म्हटलं, आईला विचारतो.

रुचिर


तेलोक ब्लांगा
२ जुलै २००६

चि. रुचिर,

पत्र लिहिलं नाही, फोनवरही आले नाही. गार्गीने तुला सांगितलं असेल की बरी आहे. बरीच होते. तुझं पत्र वाचून स्वयंपाक केला, क्षिप्राची वेणी घातली, खाली जाऊन भाजी आणली. पण लिहायला बसलं की हात उचलेना.

आधी तुला रागावते. "तुझ्यासाठी" असं परत लिहू नकोस. जे तुझ्याच्यानं धजवत नाही ते माझ्या नावावर टाकू नकोस. ह्यांच्या ओठांवर कोणीतरी पाणी पिळलं, हे मला तीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं. तुला तर तिथे पोचलास त्याच आठवड्यात, जानेवारीतच कळलं होतं. एवढे दिवस मी ह्यांना तसंच वाळूत एकटं पडलेलं बघत होते, आणि तुला माहीत होतं.

झालं. रागावून झालं.

कोह आंटीला सगळं सांगितलं. माझं इंग्रजी आणि तिचं इंग्रजी, पण कळलं तिला. ताबडतोब म्हणाली, "ब्रिंग होम लाह! आय फॉलो यू. आय नो हाऊ. हाडं क्रमाने उचलायची, पायाकडून. अंब्रेला मस्ट." विमानाचं तिकीट कुठे मिळतं तेही विचारायला लागली. मी दोन-तीन आठवडे त्याच विचारात होते. बोटीने दक्षिणेच्या बेटांपलीकडे जाऊन अस्थी सोडता येतात, तेही विचारून आले. सगळं जमण्यासारखं होतं.

मग एक दिवस टोपली पुसत होते. तो चुकलेला टाका हाताला लागला आणि ती विणणारी पोर आठवली.

तीस वर्षं मी समुद्र मागितला. तो कोणाच्या घरावरून येणार ते कधी विचारलं नाही. आमच्या फलटणकडे कालव्याच्या पाण्यावरून लोक एकमेकांची डोकी फोडतात, पाणी कोणाचं ते लहान पोरालाही माहीत असतं. हे पाणी तेवढं कोणाचंच नाही, असं मी धरून चालले. वाळवंट म्हटलं की रिकामं, असं तुझ्या साहेबांसारखंच मलाही वाटत होतं. मी तर पुस्तकं वाचणारी.

त्या माणसांनी आपले बापजादे उचलायच्या आधी माझा नवरा उचलला. आता मी माझा तेवढा काढून आणू, आणि तुम्ही बघा तुमचं, असं म्हणू? नाही. ह्यांना त्यांच्यातच राहू दे. त्यांच्या माणसांचं जे होईल ते ह्यांचं होईल. मब्रूकभाऊंना हे असंच सांग.

आणि ते वाक्य लिहू नकोस. तू ते लिहिलंस तर ज्या बाईनं तुझ्या बाबांना शेवटचं पाणी पाजलं ती नव्हतीच असं होईल. मग ते पाणीही नव्हतं, आणि ह्यांना कोणी उचललंही नाही. परत एकदा पानांचा पुतळा.

नाही लिहिलंस तर पास जाईल. जाऊ दे. गार्गीशी बोलले मी. ती म्हणाली, "आई, मला थोडा राग येऊ दे." येऊ दे तिला. तिची नोकरी चांगली आहे, क्षिप्राला इथलं वळण लागलंय, तिचं नुकसान माझ्याहून जास्त आहे. तिला वेगळं पत्र लिही. माझ्या पत्राच्या खाली दोन ओळी नकोत.

एक काम माझं कर. समुद्र नको आता. त्यांच्या झऱ्याचं तांब्याभर पाणी घे आणि माझ्या नावाने ह्यांच्यावर घाल. पण आधी विचार. तिथे पाणी सांडायचं म्हणजे लहान गोष्ट नसेल. पाणी त्यांचं आहे.

आई


कॅम्प
३० जुलै २००६

ती. आई,

वाक्य लिहिलं. "येथे तीस घरांची कायम वस्ती आहे, झरा, बाग आणि दफनभूमी आहे. लोकांना विचारलेले नाही." साहेबांनी फोनवर फक्त "आय सी" म्हटलं. चार दिवसांनी कळवलं की माझा भाग प्रकाश नावाचा दुसरा इंजिनिअर पुरा करेल. तो परवा आला. वाईट माणूस नाही. मी त्याला वस्तीवर घेऊन गेलो, चहा प्यायला लावला. तो काय लिहील माहीत नाही. जीपमध्ये बसल्यावर म्हणाला, "रुचिर, माझी दोन मुलं आहेत रे."

माझं काम ऑगस्टअखेर संपतं. मग पास रद्द, मग पुणे. गार्गीला वेगळं लिहिलंय. तिचं उत्तर आलं नाही अजून.

तुझं काम केलं. तू सांगितलंस तसं आधी विचारलं. अशरफने भाषांतर केलं तशी जमीला हसायला लागली. मला वाटलं, काही चुकलं. ती म्हणाली, "त्याच्या बायकोला सांग, आम्ही दर ईदला घालतो." आई, त्यांची रीतच आहे ती. सणाला सगळे टेकाडावर जातात, प्रत्येक कबरीवर झऱ्याचं पाणी शिंपडतात आणि खजुराची हिरवी झावळी ठेवतात. बाबांच्याही. आधी ती घालायची, डोळे गेल्यावर सून घालते. एकही ईद चुकली नाही म्हणाली.

तू पाण्याची वाट बघत होतीस तेव्हा बाबांना पाणी मिळत होतं.

तरी तुझ्या नावाचं घातलं. लोटीभर. टोपलीवालीने लोटी धरली होती. तिने मला दोनदा थांबवलं, सगळं एका जागी ओतायचं नसतं म्हणून. पाणी लगेच जिरलं.

उतरताना मब्रूकने परत तोच प्रश्न विचारला. उचलायचे का? मी म्हणालो, अजून नका उचलू, थांबा. त्याने विचारलं, नक्की? मला नक्की कुठे काय माहीत आहे! प्रकाशचं वाक्य माहीत नाही, अहवालाचं माहीत नाही. कालवा होईल की परत बासनात जाईल तेही माहीत नाही. तरी थांबा म्हणालो.

तो टेकाडाकडे बघून म्हणाला, "तुझ्या बापाचं ऐकून आम्ही उचलले. तुझं ऐकून थांबतो. पण तुझं चुकलं, तर उचलायला तू यायचं."

मी हो म्हणून बसलोय.

रुचिर


तेलोक ब्लांगा
२० ऑगस्ट २००६

चि. रुचिर,

हे पत्र तू निघायच्या आत पोचेल असं ऑफिसातली मुलगी म्हणाली. तुझी शेवटची थैली.

गार्गीने खोकी आणायला सुरुवात केलीय. बोलत कमी आहे, पण काल तुझी पुस्तकं तिनेच बांधली, आणि वर कागदावर "रुचिर, जड" असं लिहिलं. त्यावरून काय ओळखायचं ते ओळख. क्षिप्रा विचारते, पुण्यात लिफ्ट आहे का. कोह आंटीने मला तिची काळी छत्री देऊ केली. मी म्हटलं, आम्ही उचलणार नाही आहोत. म्हणाली, "टेक लाह. हू नोज?" घेतली.

ईदचं वाचलं. कितीदा वाचलं ते सांगत नाही. दर वर्षी पक्षपंधरवड्यात मी इथे पान वाढून ठेवते आणि मनात म्हणते, पाणी तेवढं राहिलंय तुमचं. राहिलं नव्हतं. यंदा पान वाढीन आणि जमीलाबाईंचंही नाव घेईन. जिवंत माणसाचं नाव त्या पानावर घेतात का ते मला माहीत नाही. घेईन.

तू हो म्हणालास ते बरं केलंस. पण एकट्याच्या जिवावर म्हणू नकोस, तुझी पाठ आधीच दुखते. निघायच्या आधी परत जा आणि मब्रूकभाऊंना माझा निरोप सांग. उचलायची वेळ आली तर उल्हासची बायको येईल. छत्री आहे तिच्याकडे.

आणि सांग की या वेळी आधी त्यांचे उचलायचे. आपला सगळ्यात शेवटी.

आई